पूर्ण मजुरीचं टेबल

तुरुंगाच्या फाटकालगत कैद्यांनी केलेल्या सामानाचं दुकान होतं. तिथे बसणाऱ्या कैद्याला सगळे मिस्त्री म्हणत. टेबलं तोच करी आणि तोच विकी. नव्या साहेबांनी नुकतीच कैद्यांना बाहेरच्या सुताराइतकी मजुरी लावली होती. साहजिकच सामान महागलं आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं.

"या महिन्यात काही खपलं नाही, तर वरचे लोक जुना दर आणतील. माझं काही चालणार नाही," साहेबांनी सांगून टाकलं होतं.

इकडे भेटीला आलेल्या बायकोला मिस्त्री मोठ्या तोऱ्यात म्हणून बसला होता, "ते रात्रीचं भांडी घासायचं काम सोडून दे." तिनेही लगेच सोडलं होतं.

महिना सरत आला तेव्हा एक बाई आल्या. त्यांच्या बालवाडीला बुटकी टेबलं हवी होती. भाव ऐकून त्यांनी डोळेच वटारले.

"अहो भाऊ, टेबल विकताय की पलंग? मागे मी निम्म्यात नेली होती!"

"तेव्हा मजुरी म्हणजे नुसता चहा होता, बाई."

"पण तुम्हाला आत खर्च तरी कसला?"

"मला नाही हो. पण घरची मंडळी काही तुरुंगात जेवत नाहीत."

दारातला हवालदार फिस्सकन हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या कडेवरून तळवा फिरवला, मग ते हलवून पाहिलं.

"हे कोपरे बघा. बरोबर मुलांच्या डोळ्यांशी येतात. मागच्या टेबलांना मी चिंध्या गुंडाळल्या. म्हटलं, एवढ्याशा पैशांत कुठल्या तोंडाने बोलायचं? आता पूर्ण पैसे घेताय, तर कोपरे गोल हवेत. आणि हा पाय डुगडुगतोय."

मिस्त्रीने वाकून तो पाय हलवून पाहिला. 'कैद्याचं काम ते' म्हणून लोक सगळं चालवून घेत. आजवर त्याच्या कामाला कुणी नावंसुद्धा ठेवली नव्हती.

"म्हणजे... घेणार तुम्ही?"

"सहा घेणार. पण एकही कोपरा टोचला, तर आणून तुमच्याच डोक्यावर ठेवीन!"

"हवालदारसाहेब, तेवढी कानस द्या," मिस्त्री घाईने म्हणाला. "बसा बाई, एक करूनच दाखवतो."

भुसा उडू लागला. बाईंनी कोपऱ्यावर बोट फिरवलं.

"इथे अजून खरखरतंय."

"वेळ लागतो हो, बाई."

"लागू दे की. वेळेचेही पैसे देतेच आहे."