खामगाव विरुद्ध जेद्दा

सगळे मला सीडीच म्हणत, मित्रांनो, तुम्हीही तसंच म्हणा. खरं तर मी कराटे-कुंगफूच्या खेळाची एक जुनी डिस्क आहे. टीव्हीला जोडलेल्या गेमच्या पेटीत मला सरकवलं, की पडद्यावर दोन योद्धे येत, एकमेकांना वाकून नमस्कार करत आणि मग लाथाबुक्क्यांना सुरुवात होई. इंटरनेटची तार जोडली, तर एक योद्धा या गावातून आणि दुसरा समुद्रापलीकडून खेळवता येई. हीच माझी मोठी ऐट होती.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते सौदीतल्या जेद्दा शहरातलं दुकान. तिथे सकलैन नावाच्या तरुणाने मी आणि माझी जुळी बहीण अशा दोन डिस्क आणि दोन पेट्या घेतल्या. एक जोडी स्वतःला, एक खामगावच्या घरी.

सकलैनचे वडील जब्बारभाई गाद्या भरत. बीटी कपाशी नवी आली तेव्हा खामगावचे सरकी काढायचे जिनिंग कारखाने रात्रंदिवस चालत आणि गावोगावच्या लग्नांसाठी जब्बारभाईंना उसंत नसे. पुढे पावसाने दडी मारली. बियाणं महाग, फवारणी महाग, बोंडं मात्र पोचट. खेड्यांतली लग्नं पुढे ढकलली गेली, आणि लग्न नाही तर गादी नाही. रुई पिंजायचं यंत्र गप्प बसलं. तेव्हा सकलैन जेद्दाला सोफ्यांच्या कारखान्यात कामाला गेला. पहिल्या सुट्टीत त्याने मला आणलं ते धाकट्या बहिणीसाठी. राबिया तेव्हा नववीत होती.

इंटरनेट समोरच्या रमाकांतकाकांकडे होतं. काका बाजार समितीत कारकून, आणि त्यांची मुलगी भार्गवी राबियाची मैत्रीण. काकांनी स्वतः स्टुलावर चढून गल्लीवरून तार ओढून दिली. "पोरगी भावासंग खेळते, त्यात माह्यं काय जाते?" एवढंच म्हणाले.

सकलैनला शुक्रवारी सुट्टी. राबिया शाळेतून आली, की दप्तर टाकून पेटी चालू करी. मी गरगर फिरू लागे, तिकडे माझी जुळी बहीण फिरू लागे. सकलैनचा योद्धा पांढऱ्या दाढीचा. पोरी त्याला 'मास्तर' म्हणत. त्याची उडती लाथ भारी होती. राबियाची ती लांब वेणीवाली 'झिपरी'. कधी इंटरनेट अडखळे आणि मास्तर हवेतच लटकून राही. मग दोघी हसून लोळत.

जब्बारभाई दारातून विचारत, "कोन जितलं?"

"भाई जितला, अब्बा."

"मंग बरा हाय तो."

एका शुक्रवारी मात्र मास्तर विचित्र खेळला. पुढे येई, मागे सरके, वाकून वार चुकवी, पण मारेच ना. राबिया जिंकली आणि चिडली. "काऊन सोडून राह्यला मले?" तिने फोनवर विचारलं. सकलैन हसला. "तू मोठी झाली आता. माह्याकडून हरत नाई."

पुढच्या शुक्रवारी तेच. तेव्हा राबियाने झिपरीला मास्तरच्या अगदी समोर नेऊन उभं केलं आणि रिमोट मांडीवर ठेवला. "मार ना भाई," ती पडद्याला म्हणाली. मास्तर जवळ आला. खाली बसला, उठला, मागे गेला. मारलं नाही.

भार्गवी हसत होती. राबियाने रिमोट उचलला आणि उजवा हात बाजूला काढून नुसत्या डाव्या अंगठ्याने खेळून पाहिलं. झिपरी चालली, वाकली, मागे सरली. मारण्याची बटणं सगळी उजवीकडे होती.

"भार्गवी," ती हळूच म्हणाली, "भाईच्या हाताले काहीतरी झालं."

तिने फोन लावला. सकलैनने आधी टाळलं, मग सांगितलं. कापड कापायच्या यंत्रात उजव्या हाताची बोटं सापडली होती. "अब्बाले सांगू नको. थे मले बलावून घेतीन. येऊन मी करू काय?"

राबिया उठली. मग फोन घेऊन शेजारच्या गादीच्या दुकानात गेली आणि तो सरळ वडिलांच्या कानाला लावला. मी पेटीत फिरतच होते. भिंतीपलीकडून मला जब्बारभाईंचा आवाज आला.

"तू कमवाले गेला होता बेटा, हात द्याले नाई. घरी ये."

 मग पुन्हा, "काम नाई तं नाई. दोघं बसू रिकामे. तू पयले ये."

सकलैन आला. जलंब स्टेशनवर गाडी बदलून एकटाच खामगावला उतरला. दोन बोटं वळत नव्हती. हलवत राहा, असं डॉक्टर सांगत. तो मात्र शेजारीपाजारी आले की हात चादरीखाली घेई. राबियाने एकदा रिमोट पुढे केला, तर त्याने तो फेकून दिला. "तुहा मास्तर मेला म्हन!"

राबियाने रिमोट उचलला, पुसला आणि त्याच्याजवळ ठेवून शाळेला गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. बऱ्याच वेळाने पेटी चालू झाल्याचा आवाज आला, आणि मी फिरू लागले.

कित्येक दुपारी मास्तर पेटीतल्या योद्ध्यांचा मार खात राहिला. वळत नसलेली बोटं सोडून सकलैन उरलेल्या बोटांनी बटणं शोधत होता. चुकत होता, दात-ओठ खात होता. एक दिवस राबियाबरोबर खेळताना मास्तर उडाला आणि त्याच्या लाथेने झिपरी धाडकन आडवी झाली. राबिया ओरडतच उठली, "हरली! अब्बा, मी हरली!"

जब्बारभाई दाढीला लागलेल्या रुईसकट धावत आले. "हरली तं नाचून काऊन राह्यली?" त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग मुलाच्या हाताकडे. आणि ते उंबऱ्यावरच खाली बसले. मित्रांनो, माझं कौतुक पुष्कळ झालं, पण त्या बसण्याएवढं कशात नव्हतं.

पुढे बापलेक गाद्यांबरोबर सोफेही शिवू लागले. राबिया नर्सिंग शिकायला अकोल्याला गेली, जाताना सकलैनने परत आणलेली जेद्दाची पेटी आणि माझी जुळी बहीण घेऊन गेली. शुक्रवार चालू राहिले. मग पडद्यावर कंपनीची सूचना आली, की हा खेळ इंटरनेटवर आता बंद होणार. शेवटच्या सामन्यात सकलैनने बहिणीला धू धू धुतलं. तिचा फोन लगेच आला.

"शेवटल्या दिवशी तरी सोडाचं ना, भाई!"

"सोडलं असतं, तं तू रडत खामगावच्या गाडीत बसली असती."

त्यानंतर मी फळीवर पडले. सुया, दोरे, कात्र्या माझ्यावरून सरकल्या आणि अंगभर ओरखडे उठले. पेटी मला ओळखेनाशी झाली. एकदा गादी न्यायला आलेल्या शेतकरी कडूबांनी पाखरं हाकायला जुन्या सीड्या मागितल्या. कपाशीला कंटाळून त्यांनी थोडी ज्वारी पेरली होती. सकलैनने मला उचललं, बाहीने पुसलं, क्षणभर उन्हात धरून पाहिलं आणि दिलं.

आता मी कडूबांच्या ज्वारीत दोरीला लटकते. वारा आला की पुन्हा गरगर फिरते. मित्रांनो, आम्हा डिस्कांना कडेने धरा, डबीत ठेवा, एवढंच मागणं आहे. आणि तुमचं कुणी दूर असेल, फोनवर "सगळं ठीक" म्हणत असेल, तर त्याच्याशी एखादा डाव खेळून पाहा. मुद्दाम हरत असेल, तर आनंदू नका. लगेच फोन लावा.