बुजगावण्याचा कोट

सगुणाबाई भोरात शिरली तेव्हा तिच्या तोंडाचा पट्टा कधीचाच सुरू झालेला होता. बरोबर कुणी नव्हतं, तरी ती बोलत होती. आदल्या रात्री कामथडीला भावाकडे उतरली, तिथंही भावजयीच्या हातची भाकरी तिनं शिव्या देत देतच खाल्ली. शिव्या भावजयीला नव्हत्या, गुलाबराव ठेकेदाराला होत्या.

गुलाबराव म्हणजे भोरातलं बडं प्रस्थ. लढाईत पलटणींना लाकूड-कोळसा पुरवून त्यानं पैसा केला, आणि पैसा झाल्यावर माणसाला कसला ना कसला नाद लागतोच. याला लागला पोशाखांचा. त्यातही आरमारी वैमानिकांच्या, म्हणजे दर्यातल्या बोटीवरून विमानं उडवणाऱ्या गोऱ्यांच्या पोशाखांचा. लढाई संपली तसे मुंबईला जुन्या सामानाचे लिलाव निघाले. तिथून त्यानं कातडी टोप्या, जाड काचांचे चष्मे, हातमोजे, पाण्यात पडलं तर फुगवायची पिवळी बंडी असलं काय काय आणलं. लाकडी पुतळे करून घेतले, त्यांना ते सगळं चढवलं, माडीवर रांगेनं उभं केलं आणि येईल त्याला चहा पाजून दाखवायला लागला. इथवर ठीक होतं. ज्याचा पैसा त्याचा नाद. पण मधल्या पुतळ्याच्या अंगावरचा कातडी कोट लिलावातला नव्हता. तो सगुणाबाईच्या नाचणीतला होता.

झालं होतं असं. लढाईच्या शेवटच्या पावसाळ्यात, भात पोटरीला आलं असताना, विंझरच्या वर डोंगरात एक विमान धुक्यात कड्याला धडकलं. पेटलं नाही, फुटलं. उडवणारा पोरगा बाहेर फेकला गेला आणि सगुणाबाईच्या वाडीच्या वरच्या अंगाला पडला. वाडी म्हणजे तीन उंबरे. त्यातली धडधाकट माणसं खाली घाटाखाली मजुरीला गेलेली. मागे राहिलेली ही, हिचा नवरा कोंडिबा आणि म्हातारा गेनबा. पोरगा तासभर जित्ता होता. सगुणाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडात पाणी घातलं. मग तो गेला.

खाली निरोप पाठवायला माणूस नाही, ओढ्याला उतार नाही, आणि मढं किती वेळ ठेवणार? तिघांनी मिळून जे आपल्या माणसाचं करतात तेच त्याचं केलं. कोट, बूट, टोपी उतरवली, ऊन पाण्यानं आंघोळ घातली. कोंडिबानं दिवाळीला म्हणून ठेवलेलं कोरं धोतर त्याला गुंडाळलं. त्यांच्यात पुरतात हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. लाकडं ओली होती, गेनबानं स्वतःच्या गोठ्याचे वासे काढून दिले.

अंगावरचे कपडे रीतीप्रमाणे वाडीच्या हद्दीबाहेर करवंदीच्या जाळीवर टाकले. मेल्याचे कपडे कोण घालतो? पुढं बऱ्याच दिवसांनी गोरे अंमलदार आले, राखेच्या जागी टोप्या काढून उभे राहिले, सगुणाबाईचा हात हातात घेऊन काहीतरी बोलले आणि गेले. कपड्यांचं कुणी विचारलं नाही. मग नाचणी भरली, डुकरं पडायला लागली, तेव्हा कोंडिबा म्हणाला, "बुजगावण्याला कसलं आलंय सुतक?" आणि त्यानं तो कोट, ती टोपी, तो काचेचा चष्मा शेताच्या मधोमध दोन बांबूंवर चढवला. अख्खं खोरं बघायला लोटलं. हसून हसून लोकांची पोटं दुखली. डुकरंही आली नाहीत.

ही बातमी गुलाबरावाच्या कानी गेली. त्याची माणसं कुठले तरी दोन शिपाई घेऊन वाडीत आली. कोट काढला आणि कोंडिबाला दोरी लावून विंझरच्या भरल्या बाजारातून नेला. का, तर म्हणे यानं साहेबाचं मढं लुटलं. संध्याकाळी सोडून दिला, पण दोरी सगळ्यांनी पाहिली, सोडलेलं कुणी पाहिलं नाही. गेनबा त्या थंडीत वारला. खरं सांगणारा तिसरा माणूस संपला. कोंडिबा घसा फोडून सांगत राहिला आणि बाजारचे लोक म्हणाले, "जाळलं ते बी चोरी लपवायलाच असंल." मढेचोर हे नाव पडलं ते पडलंच. परवा विंझरच्या रखमाजीच्या घरच्या लग्नात कोंडिबा पंगतीला बसला, तर शेजारचे दोघं पत्रावळ्या उचलून पलीकडे सरकले. तो न जेवता उठून आला, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून होता.

आणि वर रखमाजीच दारात येऊन सांगून गेला, "भोरात ठेकेदार येईल त्याला तुमचीच गोष्ट सांगतोय बरं का!"

झालं. सगुणाबाईनं पदर खोचला.

"ज्या तोंडानं घाण केली त्याच तोंडानं पुसायला लावते," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली आणि निघाली.

गुलाबरावाच्या माडीवर त्या दिवशी पाहुणे होते. संस्थानचे दोन-चार कारभारी, एक वकील, त्यांच्या बायका. दारातल्या गड्यानं अडवलं तर सगुणाबाई म्हणाली, "सरक! मालकाच्या कोटाची मालकीण हाय मी." गडी गोंधळला, तेवढ्यात ती जिना चढून गेलीसुद्धा.

गुलाबराव हातातल्या छडीनं दाखवत होता. "ही बंडी पाहा. पाण्यात पडल्यावर नळीतून फुंकायची. ही टोपी, कानाशी हे असतं ते यंत्रावर बोलणं ऐकायला. आणि हा आपला मुख्य मानकरी. हा कोट घातलेला वीर आपल्याच विंझरच्या डोंगरात पडला. आणि आपल्या लोकांनी काय केलं? मढं नागवं केलं! कोट बुजगावण्याला घातला! मी सोडवून आणला म्हणून आज—"

"थूत् तुझ्या सोडवण्यावर!"

सगळी माडी वळून बघायला लागली. दारात धुळीनं भरलेल्या पायांची बाई उभी होती.

"कोण गं तू?" गुलाबराव म्हणाला.

"ज्येनं मढं नागवं केलं म्हंतोस, त्येची बायकू. तू हुतास का तितं? तू भोरात गादीवर लोळत हुतास. त्या लेकरानं माझ्या मांडीवर जीव सोडला. म्या त्याला न्हाऊ घातलं. आंघूळ काय कोटासकट घालत्यात व्हय रं? तुझ्या बापाला घातली हुतीस का कोटासकट?"

एक बाई पदरात हसली. गुलाबरावाचा चेहरा लाल झाला, पण पाहुण्यांसमोर त्यानं मोठेपणाचा आव आणला. "बाई, अडाणी आहेस, माफ केलं. खाली जा, तुला लुगडं देतील."

"लुगडं घाल चुलीत! आमी कोरं धोतर घातलं त्याच्या अंगावर, दिवाळीचं. हितल्या समद्यांच्या म्होरं म्हन, कोंडिबानं चोरी केली न्हाई. तेवडं म्हन, मी जाते."

"केली नाही कशी? नुसता कोटच नाही, हेही त्याच्याचकडं सापडलं." गुलाबरावानं छडी काचेच्या पेटीवर ठेवली. तो चिडला होता आणि चिडलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. "गळ्यातला क्रूस! मेलेल्या माणसाचा देवसुद्धा यांनी सोडला नाही."

सगुणाबाई पेटीपाशी गेली. आत लाल मखमलीवर बोटाएवढा पितळी क्रूस होता. घासूनपुसून ठेवलेला, पण एक हात वितळून वाकलेला आणि काळा.

तिनं काचेवर बोट ठेवलं आणि वाकून पाहिलं.

"ह्यो... ह्यो हितं कसा?" तिचा आवाज खाली आला होता. "ह्यो आमी काढलाच न्हवता. गेनबा म्हनला, त्येचा देव त्येच्यासंगं जाऊ द्या. माझ्या डोळ्यांदेखत ह्यो त्येच्या छातीवर जळाय गेला."

"खोटं! तुझ्या नवऱ्याकडून—"

"मग काळा कशानं झाला?"

"विमान पडलं, पेटलं, भाजला. त्यात काय?"

"आस्सं!" सगुणाबाई गर्रकन वळली आणि तिनं मधल्या पुतळ्याचा कोट दोन्ही हातांनी धरून हिसडला. पुतळा डुगडुगला. "ह्या कोटाच्या आत हुता त्यो, अंगाला चिकटून. ह्या गळपट्टीला लोकर हाय. बघा समदे या, हात लावून बघा! एक केस तरी करपलाय का? वरचा कोट तसाच कोरा आन् आतला देव जळाला, ही कुठली आग म्हनायची?"

वकील उठला. त्यानं खरंच गळपट्टी चाचपून पाहिली, मग पेटीत पाहिलं आणि गुलाबरावाकडे पाहिलं.

"तिसऱ्या दिवशी आमी राख सावडाय गेलो," सगुणाबाई म्हणाली, "तर राख उसकटल्याली. हाडं इकडं तिकडं. आमाला वाटलं कोल्ही आली. म्या रडले हुते त्या दिवशी, परक्याच्या लेकराची हाडं येचताना. कोल्हं न्हवतं व्हय रं ते, गुलाबराव? ह्या दोन पायांवर आलं हुतं!"

"ज्ञानू, हिला बाहेर काढ!" गुलाबराव ओरडला.

ज्ञानू म्हणजे त्याचा मुकादम. कोपऱ्यात चहाची ताटली घेऊन उभा होता. तो जागचा हलला नाही. ताटली मात्र त्यानं खाली ठेवली.

"ज्ञानू!"

"मालक, म्या म्हनलं हुतं तुमाला," ज्ञानू खाली बघत पुटपुटला. "दुसऱ्या दिशी वढा उतरल्यावर इमानाच्या पत्र्यासाठी गेलो तवा गेनबाच्या तोंडनं कळलं, गळ्यात देव ठिवलाय. तुमी खाली विंझरला थांबला हुता, म्हनला, सोन्याचा असंल, काढून आन. राख अजून ऊन हुती, मालक."

मागच्या दारातून गुलाबरावाची बायको सखूबाई पुढं आली. तिलाही आजवर हेच सांगितलेलं होतं की क्रूस कोंडिबाकडून सोडवून आणलाय. "चितेतलं?" ती म्हणाली. "चितेतलं उपसून माझ्या देवघराच्या डोक्यावर मांडलंत? आणि रोज लोकांना इथं फराळ घालताय?"

बायकांनी हातातले कप भराभर खाली ठेवले. कारभाऱ्यांना एकाएकी कामं आठवली. जिन्यावर जोडे शोधायची झुंबड उडाली आणि पाच-दहा मिनिटांत माडीवर पुतळे उरले आणि ही चार माणसं. सखूबाईनं स्वतः पेटी उघडली, क्रूस फडक्यात धरून सगुणाबाईच्या ओंजळीत टाकला. म्हणाली, "बाई, याला नदीला दे. आम्हाला शाप देऊ नको."

"शाप द्यायला मला येळ न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "मला ह्येचं तोंड पायजे विंझरच्या बाजारात."

गुलाबराव आला नाही, येणारही नव्हता. पण ज्ञानू आला. सगुणाबाईनं त्याला बखोटीला धरून आणला असं काही जण सांगतात, ते खरं नाही. तो आपणहून आला, तिच्या चार पावलं मागून, सगळ्या वाटेवर तिच्या शिव्या खात. वाटेत नदी लागली तेव्हा तिनं क्रूस पाण्यात सोडला आणि ज्ञानूला आंघोळ करायला लावली. त्यानं केली.

विंझरला बाजार भरला होता. सगुणाबाई वाडीत जाऊन नवऱ्याला उठवून घेऊन आली. कोंडिबा यायला तयार नव्हता. तिनं त्याला सांगितलं, "आज न्हाई आलात तर मीच त्या बाजारात पडून ऱ्हाईन." तेव्हा आला. बाजाराच्या कडेला मान खाली घालून उभा राहिला.

ज्ञानूनं दुकानाच्या ओट्यावर चढून सगळं सांगितलं. मढं यांनी लुटलं नाही, राख आम्ही उसकटली, मालकानं सांगितलं आणि मी केलं. सांगताना तो रडला. लोक चळवळले. कुणी "अरारारा" केलं, कुणी गुलाबरावाच्या नावानं बोटं मोडली. रखमाजी तर सगळ्यांच्या आधी पुढं झाला. त्यानं कोंडिबाचा हात धरला, खिशातली पानाची चंची काढून पुढं केली. "कोंडिबा, आमाला ठावंच हुतं रं! चल, बस हितं. आज माझ्या घरी जेवून जायचं, माझ्या शेजारी बसून."

कोंडिबानं चंचीकडे पाहिलं. मग मान वर केली आणि बाजारावरून एकदा नजर फिरवली. सांगून सांगून थकल्यापासून वर्षभरात त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, तो आता सगळ्या बाजारानं ऐकला.

"ठावं हुतं? मग बोलला का न्हाईस? म्या बोंबलून बोंबलून घसा फोडला. माझ्या बायकूनं सांगितलं, गेनबानं मरताना सांगितलं. एकानं खरं मानलं का? आन् आज राख उसकटणाऱ्यानं सांगितलं, तर लगीच पटलं! माझ्या तोंडाला किंमत न्हाई आन् चोराच्या तोंडाला हाय व्हय तुमच्या गावात?"

रखमाजीचा चंचीचा हात तसाच पुढं राहिला.

"तुझ्या पंगतीत तूच बस," कोंडिबा त्याला म्हणाला. मग सगुणाबाईकडे वळून म्हणाला, "चल घरी. मला भूक लागलीया."