चौथ्या पडद्यावरचा चाप

आर्विल स्टर्जिलने गुडघ्याने खुर्ची पुढे ढकलली आणि ती अडली. होबार्टच्या डाव्या हाताला, दर गुरुवारी जिथे त्याची खुर्ची जाऊन बसायची, तिथे आधीच एक खुर्ची मांडलेली होती. तिच्यावर टोपी होती. वीज कंपनीची, नवीकोरी, घामाचा डागसुद्धा न पडलेली.

“ही कुणाची?”

“लँडनची,” गिटारच्या खुंट्या पिळता पिळता होबार्ट म्हणाला. “डोंगरापलीकडून बदली होऊन आलाय. गातो म्हणे.”

“गाऊ दे की. पण बसतो कुठं?”

“गोल आहे बाबा हा. गोलात सगळ्या जागा सारख्याच.”

गोलात सगळ्या जागा सारख्या असतात, असं ज्याची जागा गेलेली नसते त्यालाच वाटतं. आर्विलने आपली खुर्ची टोपीच्या पलीकडे लावली, मँडोलिनची पेटी जरा जोरातच उघडली आणि उजव्या कानाचं आज कसं व्हायचं याचा विचार करत बसला. डावा कान लाकडाच्या वखारीतल्या करवतीच्या आवाजाने केव्हाच खाल्ला होता. उजवा शाबूत होता, आणि तो होबार्टसाठी राखून ठेवलेला होता.

गावची शाळा बंद पडली, तशी तिच्या जेवणाच्या खोलीत गुरुवारची गाणी सुरू झाली. मुलं गेली, कॉफीचं पिंप, लांब टेबलं आणि बारीकशा आवाजालाही मोठं करून दाखवणारं छत मागे राहिलं. भिंतीलगत ऐकणारे बसत. कुणी विणकाम घेऊन, कुणी घेवड्याच्या रश्श्यात मक्याचा पाव बुडवत. मधोमध वाजवणाऱ्यांचा गोल. गोलाचे नियम कुणी लिहिले नव्हते, म्हणूनच ते मोडत नसत. पाळीपाळीने एकेकाने गाणं सांगायचं. ज्याचं गाणं, त्याने मान हलवून दुसऱ्याला वाजवायची संधी द्यायची. आणि ज्याचं गाणं, त्यानेच अखेरीला पाय उचलायचा. पाय वर गेला की ही शेवटची फेरी. पाय जमिनीवर आहे तोवर गाणं फिरतं आहे.

लँडन आला तो हातात केक घेऊन. तिशी ओलांडलेला, उंच, आणि सगळे दात स्वतःचे. आर्विलची बायको रीव्हा आपल्यापेक्षा उंच बास, खर्जाचं ते भलंमोठं व्हायोलिन, भिंतीपासून हलवत होती. तिच्या हातून त्याने तो अलगद घेतला आणि जागेवर आणून उभा केला.

“केक घरी केलास?” रीव्हाने विचारलं.

“हो बाई. आजीने शिकवला होता. सुक्या सफरचंदांचा, थरांवर थर.”

“ऐकलंस का रे आर्विल? पुरुषमाणसाने केलाय.”

आर्विलने ऐकलं होतं. त्या कानाने ऐकायचं नव्हतं, तरी ऐकलं होतं.

लँडन त्याच्यापुढे आला आणि टोपी नसलेल्या कपाळाला हात लावला. “मिस्टर स्टर्जिल, तुमच्या दोघांबद्दल फार ऐकलंय. होबार्ट मूळ चाल धरतात आणि तुम्ही वरचा सूर.”

“धरतो,” आर्विल म्हणाला. “अजून धरतोच.”

गाणी सुरू झाली. आर्विल मँडोलिन वाजवत होता आणि शेजारच्याची चूक कुठे सापडते ते शोधत होता. नवा माणूस हटकून करतो अशा काही चुका असतात. दुसरा गात असताना आपली बोटं चालवायची. मान हलली की उठून दिसेल असं काहीतरी वाजवायचं. ताल पळवायचा. लँडनने यातलं एकही केलं नाही. दुसऱ्याच्या गाण्यात तो इतका बेताने वाजवत होता, की आर्विलला मान वळवून बघावं लागलं, पठ्ठ्या वाजवतोय की नाही. एवढं निर्दोष असणं हाच त्याला एक प्रकारचा उद्धटपणा वाटला.

होबार्टची पाळी आली. त्याने ‘जी’ची पट्टी सांगितली.

आर्विलला हायसं वाटलं. ही थट्टा त्याची स्वतःची होती. ती काही खुर्चीबरोबर गेलेली नव्हती. “पुन्हा ‘जी’? अजून किती खाली येशील, होबार्ट? उद्या तळघरात बसून गायला लागशील.”

“वय झालं बाबा,” होबार्ट म्हणाला, नेहमीसारखं.

“आमच्या वेळी हा गडी ‘बी’मध्ये गायचा,” आर्विल लँडनकडे वळला. “गिटारचा चाप चौथ्या पडद्यावर. काचा थरथरायच्या. मग चाप दुसऱ्या पडद्यावर आला. आता तो खिशात असतो, घशाच्या गोळ्यांच्या सोबतीला.”

सगळे हसले. बँजोवाला एस्टिल सगळ्यांत मोठ्याने. होबार्टही हसला आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवला, चाप आहे ना बघितल्यासारखा. पोलादी चाप होता तो. गिटारच्या मानेवर जितका वर चढवावा, तितकी गाण्याची पट्टी उंच. आणि मूळ चाल जिथे जाईल, वरचा सूर धरणाऱ्याने त्याच्याही डोक्यावर उभं राहायचं.

मग लँडनची पाळी आली.

“एक होडीचं गाणं आहे,” तो म्हणाला. “भाऊ पलीकडच्या काठावर थांबलेला असतो ते. माझे आजोबा म्हणायचे.”

बँजोवरची एस्टिलची बोटं थांबली. भिंतीलगतच्या विणकामाच्या सुयाही थांबल्या असाव्यात, कारण कॉफीच्या पिंपाची गुरगुर एकदम ऐकू यायला लागली. होडीचं गाणं होबार्ट आणि आर्विलचं होतं. केस काळे होते तेव्हापासून त्यांनी ते लग्नांत म्हटलं, मयतांत म्हटलं, आग विझवणाऱ्या गाडीसाठी वर्गणी गोळा करताना म्हटलं. रीव्हाच्या बापाला खड्ड्यात उतरवलं ते त्याच गाण्यावर. आजवर दुसऱ्या कुणी ते सांगितलं नव्हतं. सांगू नये असा नियम नव्हता. नियम लागेल असंच कुणाला वाटलं नव्हतं.

लँडनला काही कळलं नाही. “होबार्ट, तुम्ही मूळ धराल? वरचा मी बघतो. चालेल ना, मिस्टर स्टर्जिल?”

“मला काय विचारतोस?” आर्विल म्हणाला. “तुझी पाळी आहे.”

“पट्टी?” एस्टिलने विचारलं.

“आजोबा ‘बी’मध्ये म्हणायचे. पण होबार्टना जमेल ती घेऊ.”

होबार्ट जमिनीकडे बघत राहिला. मग त्याचा हात खिशात गेला, चाप बाहेर आला आणि गिटारच्या मानेवर एकेक पडदा ओलांडत चौथ्यावर जाऊन बसला.

“अरे लेका!” एस्टिल म्हणाला. “वाट आठवतेय का अजून?”

आर्विल खुर्चीत जरा पुढे सरकला. आता त्याला घाई नव्हती. होबार्टचा आवाज फाटणार होता, दुसऱ्या ओळीला, जिथे हाक नदीवरून पलीकडे जाते. फाटला की लँडन एकटा वर लोंबकळत राहील, आणि सगळ्यांना कळेल की जोडी म्हणजे नुसते दोन गळे नव्हेत. सांभाळून घ्यावं लागतं. तो मनातल्या मनात सांभाळून घ्यायला तयारही होऊन बसला.

होबार्टने सुरुवात केली. दुसरी ओळ आली. हाक निघाली आणि नदी ओलांडून पलीकडे गेली. कुठे चरा नाही, कुठे दम लागला नाही. आवाज पूर्वीपेक्षा जाड झाला होता, इतकंच. जुन्या दोरासारखा, ओढला तरी न तुटणारा. त्याच्यावर लँडनचा सूर येऊन बसला आणि छताने दोन्ही मिळून एकच सूर करून खाली पाठवला. भिंतीलगत कुणीतरी “आहा” म्हणालं. ती विणकाम घेऊन बसणारी रूथी असणार. आर्विलच्या गाण्याला ती फक्त मान डोलवायची.

आर्विलचा हात मँडोलिनवर ताल देत राहिला. त्याचं लक्ष तालात नव्हतं. दोर इतका धडधाकट होता, तर तो गुंडाळून का ठेवला होता?

चाप पहिल्यांदा खाली आला तो कधी, हे तो आठवू लागला. चर्चचं जेवण होतं. त्या हिवाळ्यात आर्विलला न्युमोनिया झाला होता. होडीच्या गाण्यात वरच्या सुरावर आर्विलचा आवाज कोंबड्यासारखा चिरकला होता आणि पोरं हसली होती. पुढच्याच गुरुवारी होबार्ट गळ्याला मफलर गुंडाळून आला. म्हणाला, घसा धरलाय, जरा खाली, ‘ए’मध्ये घेऊ या. तो घसा मग कधी सुटलाच नाही. आणि चाप खिशात गेला तो एस्टिलच्या मुलीच्या लग्नानंतर, जिथे आर्विलने वरचा सूर सोडून नुसते ओठ हलवले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं तो समजत होता.

त्या पहिल्या गुरुवारीच आर्विलने म्हटलं होतं, वय झालं की रे तुझं. तेव्हापासून दर गुरुवारी तो ते म्हणत आला होता. आजही.

लँडनने पाय उचलला. गाणं संपलं. टाळ्या झाल्या, त्या नेहमीपेक्षा जास्त.

“होबार्टचा गळा तरुण झाला!” एस्टिल ओरडला. “काय खाल्लंस रे?”

“केक,” होबार्ट म्हणाला. “सगळा त्याचाच परिणाम.” आर्विलकडे न बघता त्याने चाप काढून खिशात टाकला.

कॉफीसाठी सगळे उठले. आर्विल पिंपापाशी रीव्हाच्या मागे जाऊन उभा राहिला.

“तुला माहीत होतं?”

“काय?”

“तो कुणासाठी खाली उतरत होता ते.”

रीव्हाने कप भरला, त्याच्या हातात दिला आणि दुसरा भरायला घेतला. “मी बास वाजवते, आर्विल. पट्टी बदलायची असली की आधी मलाच सांगतात.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तू त्याला म्हातारा म्हणण्यात इतका खूश होतास,” ती म्हणाली. “माझ्या जिवावर आलं. आणि त्याने शपथ घातली होती.”

“शपथ!” आर्विल म्हणाला. “माझ्या बायकोला.”

“हो. तुझ्याच मित्राने. आता लँडनबरोबर त्याचाही मत्सर करायचा असेल तर कॉफी गार व्हायच्या आत कर.”

केकच्या टेबलाशी लँडन उभा होता. रूथी त्याला दुसरा तुकडा घ्यायला लावत होती, त्याच्याच केकचा. आर्विलला वाटलं, मँडोलिन पेटीत ठेवावी आणि घरी जावं. गेलो तर विचारतील, का गेला. राहिलो तर त्या खुर्चीपलीकडे बसावं लागेल. त्याने एक तुकडा उचलला आणि खाल्ला. केक चांगला होता. याचाही त्याला राग आला.

गोल पुन्हा बसला. पाळी फिरत फिरत आर्विलपाशी आली. त्याने मँडोलिनच्या तारांवरून अंगठा फिरवला.

“होडीचं गाणं.”

“झालं की ते!” एस्टिल म्हणाला. “एका रात्रीत एक गाणं दोनदा? हे कुठलं नवीन?”

“अर्धंच झालं,” आर्विल म्हणाला. “दोनच आवाज होते.”

होबार्टने मान वर केली. हात खिशाकडे गेला नाही. गिटार तशीच, बिनचापाची, मांडीवर होती. “‘जी’ ना?” त्याने हळूच विचारलं.

“खिशात काय अंडी उबवत ठेवलीत?” आर्विल म्हणाला. “लाव तो चाप. चौथ्यावर.”

“आर्विल…”

“चौथ्यावर म्हणतो ना. आणि तू रे, पोरा, वरचाच धर. फक्त ‘भाऊ’ म्हणताना इतका ओढू नकोस. भाऊ पलीकडं उभा आहे, मेलेला नाही.”

“हो, मिस्टर स्टर्जिल.”

“आर्विल म्हण.”

राहिला खालचा सूर. तो कुणालाच नको असतो. त्यात चाल नसते; एकट्याने म्हटला तर माणूस वाट चुकल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्यांना तो ऐकूही येत नाही, फक्त नसला की काहीतरी कमी वाटतं. आर्विलने आयुष्यभर तो दुसऱ्यांवर ढकलला होता. आता पहिल्या कडव्याला तो दोनदा चुकला, एस्टिलच्या भुवया वर गेल्या, आणि दुसऱ्या कडव्याला पायाखाली काहीतरी टणक लागलं. तिथे घशाला ओढाताण नव्हती. तिथून त्याला लँडनच्या अलीकडचा, पलीकडचा, सगळा होबार्ट ऐकू येत होता.

त्याने एस्टिलला मान हलवली. एस्टिलने वाजवलं. लँडनला हलवली, थोडी कंजूषपणे. मग स्वतः वाजवलं, बोटं दाखवायला जरा जास्तच. शेवटचं कडवं झालं आणि सवयीने सगळ्यांची नजर खाली आली, गाणं सांगणाऱ्याच्या पायाकडे.

पाय जमिनीवरच होता.

होबार्टने पुन्हा पहिली ओळ धरली, हाक नदीवर टाकली. पुन्हा शेवट आला. पुन्हा सगळ्यांनी खाली बघितलं. रीव्हा बासच्या मागे हसत होती, एस्टिलच्या कपाळावर घाम आला होता, आणि होबार्ट आता बुटाकडे न बघता आर्विलच्या तोंडाकडे बघत होता.

आर्विलने दुसराही पाय नीट टेकवला आणि खालचा सूर धरला.