तिसरा भाग पहिला

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पण माझ्यात गणिताचे एकही उदाहरण नाही की भूगोलाचा एकही नकाशा नाही. माझ्यात आहे तो दोन मुलांचा एका व्हिडिओ गेमवरून झालेला वाद.

मी लगद्यातून कागद झाले, कागदावर निळ्या रेघा पडल्या, कोणीतरी मला दोऱ्याने शिवले आणि नाशिकच्या रविवार कारंजावरच्या एका दुकानात मी येऊन पडले. १९९८ च्या जूनमध्ये मंजुषाने मला उचलले. ती सातवीत होती आणि इंदिरानगरात राहत होती. तिच्या शेजारी जीवन राहायचा. त्याचे वडील गोटीराम अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करत. गेम मंजुषाच्या घरी होता, पण खेळण्यात हात जीवनचा चाले. तो खेळायचा आणि ती माझ्यावर लिहायची.

खेळाचे खरे नाव परदेशी आणि लांबलचक होते. मुले त्याला 'राखेचं राज्य' म्हणत. त्याचे चार भाग होते, चार कॅसेट. चारही भागांत राज्य तेच, टेकडीवरचा घंटेचा मनोरा तोच, पण राजे वेगळे. कोणता भाग आधी घडला आणि कोणता नंतर, हे खेळ बनवणाऱ्यांनी कुठेच सांगितले नव्हते. पहिल्या भागात मनोरा धडधाकट होता, दुसऱ्यात घंटेला तडा गेलेला होता, चौथ्यात मनोरा जळून काळा पडला होता. तिसऱ्यात तर तो निम्माच उभा होता. म्हणून मंजुषाने माझ्या पानावर क्रम मांडला : एक, दोन, चार आणि शेवटी तीन.

जीवनला ते पटले नाही. तो कितीतरी वेळ पडद्याजवळ बसून तो मोडका मनोरा बघत राहिला.

"हा पडलेला नाहीये," तो म्हणाला. "हा अजून बांधतायत."

"कशावरून?"

"दगड बघ ना. एकावर एक नीट रचून ठेवलेत. पडलेल्या भिंतीचे दगड असे नसतात. माझे सहादूमामा गवंडी आहेत, मी त्यांच्या कामावर पाहिलंय. आणि ही बाजूची लाकडं म्हणजे गवंडी चढून काम करतात ती परांची आहे. तिसरा भाग सगळ्यात पहिला आहे."

मंजुषा हसली नाही. तिने पेन त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "मग तूच लिही." त्याने तिरक्या, मोठ्या अक्षरात पाऊण पान भरले. कोपऱ्यात परांचीचे चित्रही काढले. मित्रांनो, ते पान माझे सर्वांत आवडते होते. पुढची दोन-अडीच वर्षे दोघे त्याच्यावर पुरावे चढवत राहिले. मी हळूहळू फुगले, माझे कोपरे दुमडले, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

२००१ मध्ये गोटीरामांचा कारखाना बंद पडला. ते घर सोडून मनमाडला, मामांच्या आधाराने राहायला गेले. निघताना जीवन म्हणाला, "वही तुझ्याकडेच राहू दे. मला काही सुचलं तर पत्रात कळवीन." त्याची पत्रे येत. मंजुषा ती माझ्या पानांत ठेवायची. पुढच्या उन्हाळ्यात एक पत्र आले. त्यात खेळाबद्दल काहीच नव्हते. सहादूमामा गेले, एवढेच दोन ओळींत लिहिले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी मंजुषा मला सायबर कॅफेत घेऊन गेली. तिथल्या संगणकावर जगभरची मुले याच चार भागांच्या क्रमावरून वाद घालत होती. तिने मला मांडीवर उघडले आणि जीवनचे पान इंग्रजीत उतरवून काढले. खाली फक्त स्वतःचे नाव घातले. दुसऱ्या दिवशी तिचे कौतुक करणारी तीस-चाळीस उत्तरे आली होती. एकाने विचारले होते, हे तुझ्या लक्षात कसे आले? मंजुषाने कळफलक पुढे ओढला. मग तिने लिहिले, "माझे मामा गवंडी होते."

माझ्यावर अक्षर जीवनचे होते. मी तिच्या मांडीवरच उघडी पडलेली होते. पण वहीला बोलता येत नाही, याचे दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झाले.

दिवाळीच्या सुट्टीत जीवन मनमाडहून आला. चपला दारातच काढून तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"मनमाडलाही कॅफे निघालाय," तो म्हणाला. "तिथं वाचलं मी."

"तुला सांगणारच होते," मंजुषा म्हणाली.

"नावाचं राहू दे. पण सहादूमामा तुझे कधी झाले?"

ती खाली बघत म्हणाली, "लिहिताना तसं सोपं पडलं."

"मी तुला पत्र पाठवलं होतं, मंजू."

त्याने आवाज चढवला नाही. टेबलावरून मला उचलले, आपले पान उघडले, त्यावरून एकदा हात फिरवला आणि मला होते तिथे ठेवून तो निघून गेला. त्यानंतर त्याचे पत्र आले नाही. मंजुषाने चार वेळा माफीचे पत्र लिहायला घेतले. चारही कागद तिने फाडले. मग मी माळ्यावर गेले. वाळवीने माझी मागची पाने खाल्ली.

२००९ साली खेळ बनवणाऱ्यांनी स्वतःच चारही भागांचा क्रम जाहीर केला. तिसरा भाग पहिला होता. मनोरा बांधला जात होता. मंजुषाचे अभिनंदन करणारे निरोप आले. त्या दिवशी तिने इंटरनेटवरच्या त्याच चर्चेत खरे काय ते लिहिले : हे जीवनने ओळखले होते, आणि गवंडी मामा त्याचे होते. वाचणारे आता थोडेच उरले होते. एकाने विचारले, "जीवन कोण?"

मग तिने मला माळ्यावरून काढले, पुसले आणि मनमाड गाठले. दार जीवनच्या आईने, गोजराबाईंनी उघडले. "मंजू, किती दिवसांनी गं. वाट कशी सापडली तुला?" म्हणत त्यांनी तिला जवळ घेतले. जीवन रेल्वेच्या नोकरीत लागला होता. तो कामावरून आला, तिला बघून थबकला.

"बसा ना," तो म्हणाला. "कधी आलात?"

आईसाठी ती अजून मंजू होती. जीवनने मात्र तिला 'तुम्ही' म्हटले. मंजुषाने मला पुढे केले, सगळे सांगितले, माफी मागितली. त्याने माझी पाने उलटली आणि परांचीच्या चित्राशी थांबला.

"खरं लिहिलंत, बरं केलंत," तो म्हणाला. "मामा असते तर त्यांना सांगितलं असतं. आता कोणाला सांगू?"

चहा घेऊन मंजुषा उठली. मी मात्र तिथेच राहिले. आज मी जीवनच्या कपाटात, त्याच्या नोकरीच्या कागदांखाली आहे. तो मला सहसा उघडत नाही.

मित्रांनो, वह्यांना कव्हर घाला, वाळवीपासून जपा, हे तर मी सांगतेच. पण एक मागणे त्याहून मोठे आहे. सोबत्याने सुचवलेले कुठे मांडलेत, तर त्याच क्षणी त्याचे नाव घ्या. सात वर्षांनी घेतलेले नाव खरे असते, पण ज्याला ते ऐकून आनंद झाला असता, तो सोबती तोवर आपला राहिलेला नसतो.