दोन बोटांची जागा

विषय : छोट्या मोटारीचे मागील उजवे चाक आणि प्रस्तुत मडगार्ड यांमधील अंतराबाबत.

उपरोक्त विषयासंबंधी मी, मागचा उजवा मडगार्ड, बोलतोय. मडगार्ड ही बोलण्याची वस्तू आहे असं कुणाला वाटत नाही. हॉर्ननं ओरडावं, दिव्यांनी डोळे वटारावेत आणि मडगार्डनं गप्प राहून चिखल खावा, अशी सर्वसाधारण समजूत. मीही पुष्कळ वर्षं तसाच वागलो. पण हल्ली मला भीती वाटते, आणि ती कुणाला तरी सांगायला हवी.

माझा जन्म १९६१ सालचा, मुंबईच्या एका कारखान्यातला. सपाट पत्रा होतो. यंत्राखाली गेलो आणि कमान होऊन बाहेर आलो. मग माझी खालची कड आतल्या बाजूला वळवण्यात आली. कड वळवली की पत्र्याला ताकद येते. ही कड चाकाच्या दिशेला असते आणि तिला सुरीसारखी धार असते, याबद्दल तेव्हा कुणी काही बोललं नाही. बोलण्याचं कारणही नव्हतं. चाक अरुंद होतं आणि माझ्यापासून वीतभर लांब होतं.

पहिले मालक सुरतेच्या नानपुऱ्यातले वकील. ते गाडी इतकी हळू चालवत की सायकलवाले मागून घंटी वाजवत. त्यांच्याकडे मला कसलीच म्हणजे कसलीच भीती नव्हती. अडुसष्टच्या पुरात तापी घरात आली आणि मी दोन दिवस पाण्यात उभा राहिलो. गाळ धुऊन निघाला, गंज राहिला. वकीलसाहेबांचा गाडीवरचा जीव त्याच सुमारास उडाला.

मग आम्ही बाजीरावकडे आलो. बाजीराव सुरतेलगतच्या उधन्याच्या एका पॉवरलूम शेडमध्ये जॉबर होता, म्हणजे बंद पडलेले माग चालू करून देणारा माणूस. मूळचा खान्देशचा. घरात आई धुरपदाबाई, बायको शोभाबाई आणि लग्नाची बहीण सुंदरा. आईनं तीस वर्षं मिलमध्ये, रबरी पट्ट्यांवर फिरणाऱ्या यंत्रांपाशी, सुताच्या बॉबिन भरल्या होत्या. गल्लीतली पहिली मोटार आपल्या दारात आली याचा तिला अभिमान होता, पण तो ती फक्त शेजारणींसमोर दाखवी. बाजीरावसमोर म्हणे, "पत्रानं खोकं आनं मन्हा पोऱ्यानी."

दोन वर्षं बरी गेली. पुढे बाजीराव मुंबईला गेला आणि तिथं त्यानं मोटारींची शर्यत पाहिली. त्या गाड्या म्हणे पोट जमिनीला टेकवून पळत होत्या आणि त्यांची चाकं जात्यासारखी रुंद होती. परत आल्यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला आवडली नाही.

तो गाडी घेऊन सुकलाल वेल्डरकडे गेला. सुकलालही खान्देशचाच, बाजीरावला जिभाऊ म्हणणारा.

"जिभाऊ, खाली बसवतो, चाकं रुंद करतो," सुकलाल म्हणाला. "बैलासारखी दिसेल गाडी."

"बैल नको. चित्ता पाहिजे."

"चित्त्याला मडगार्ड नसतो, जिभाऊ."

दोघं हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पुढच्या स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापले. मागच्या कमानी-स्प्रिंगांतले दोन-दोन पाटे काढून टाकले, म्हणजे गाडी खाली बसली. आमच्याच चारही रिमा मधोमध चिरल्या, त्यांत लोखंडी पट्ट्या घातल्या आणि वेल्डिंग केलं. वर मोठ्या गाडीचे टायर चढवले. संध्याकाळी गाडी जमिनीवर आली तेव्हा माझ्या पोटाशी एक जाडजूड काळा गृहस्थ येऊन बसला होता. त्याचा श्वास मला लागत होता. नवा टायर होता बिचारा. आपल्या डोक्यावर काय आहे याची त्याला कल्पना नव्हती.

बाजीरावनं उकिडवं बसून आम्हा दोघांच्या मध्ये बोटं घातली. बरोबर दोन बोटं आत गेली.

"दोन बोटं आहेत," तो म्हणाला. "मागाला सुद्धा आपण एवढीच जागा सोडतो. कधी घासलाय?"

"कधीच नाही," सुकलाल म्हणाला.

दोघंही आपल्या कामात पटाईत होते, आणि घात तिथंच झाला. माग जमिनीला बोल्टनं जखडलेला असतो. तो खड्ड्यात जात नाही, वळत नाही, आणि त्याच्यात बसून कुणी लग्नाला जात नाही. रिकाम्या, उभ्या गाडीचं माप घेऊन दोघं चहा प्यायला गेले.

लग्न कामरेजला होतं, शोभाबाईच्या भावाचं. पुढे बाजीराव आणि त्याचा मामा निंबा. मागे माझ्या बाजूला धुरपदाबाई, मध्ये सुंदरा, पलीकडे शोभाबाई. डिकीत आहेराचा हंडा आणि लाडूंचा डबा. एकेक जण आत बसत गेला तसतसा मी खाली जात गेलो. दोन बोटांचं एक बोट झालं. लाडू ठेवले तेव्हा उरलेलंही गेलं. मला थांबा म्हणायचं होतं, पण मडगार्डकडे खडखडण्यापलीकडे भाषा नाही, आणि जुन्या गाडीच्या खडखडण्याला कुणी अर्थ लावत नाही.

गाव मागे पडल्यावर बाजीरावनं वेग वाढवला. पहिल्याच मोरीवर गाडी उसळली, बसली, आणि माझी कड टायरमध्ये गेली. मी स्वतःला आवरायचा प्रयत्न केला. पत्र्याला मागे सरता येत नाही. पुढचा खड्डा, पुन्हा तेच. रबराचा भुगा माझ्या अंगावर उडत होता, आणि माझ्यापासून हातभर वर एक म्हातारी पदर सावरून बसली होती. हा टायर फुटला तर गाडी या वेगात कुठं जाईल ते मला दिसत होतं : उजवीकडे, समोरून येणाऱ्या ट्रकांत. खून कुणाच्या हातून होणार हेही दिसत होतं.

"बाजीराव, गाडी थांबाड," धुरपदाबाई म्हणाल्या. "पट्टा जळाना वास ई ऱ्हायना."

"माय, पट्टा पुढे इंजिनले राहास. तू मांगे बसेल शे."

"बाई, डांबर तापेल शे," निंबामामा म्हणाला. "तोच वास."

"तीस वरीस पट्टाना वास लिधा मी. थांबाड."

गाडी थांबली. काय झालं ते पाहायला सगळे खाली उतरले. सगळे उतरले तसा मी वर आलो. बाजीरावनं बोटं घातली. दोन.

"हाई देख माय. दोन बोटं."

सगळे परत बसले. मी परत खाली गेलो. अर्ध्या मैलावर वास परत आला. पुन्हा थांबले, पुन्हा सगळे उतरले, पुन्हा दोन बोटं भरली. साहेब तपासणीला आले की कचेरीतलं सगळं आपोआप जागच्या जागी दिसतं, तसलाच प्रकार. निंबामामा म्हणाला, असंच चाललं तर आपण बाळाच्या बारशाला पोहोचू.

तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा निंबामामानं दाराला हात घातला. धुरपदाबाईंनी मागून त्याचा सदरा धरला.

"कोणीच उतरू नका. बाजीराव, तू एकला उतर. आते घाल बोटं."

बाजीराव उतरला. माझ्यापाशी बसला. एक बोट लावलं, ते आत जाईना. करंगळी लावली, तीही जाईना. मग त्यानं डोकं वाकवून खालून पाहिलं. टायरला भोवताली चीर पडली होती, आणि चिरेतून आतला पांढरा दोरा बाहेर आला होता.

रबराबद्दल बाजीराव वाद घालू शकला असता. पण आयुष्यभर सुतात काम केलेल्या माणसाला तुटत आलेला दोरा दिसला, की वाद संपतो. तो तसाच रस्त्यावर बसून राहिला. सुंदरानं खिडकीतून विचारलं, "दादा, किती बोटं?"

मंडळी हंडा, लाडू आणि मामा यांच्यासह एसटीनं लग्नाला गेली. बाजीराव रिकामी गाडी बैलगाडीच्या चालीनं घरी घेऊन आला.

धुरपदाबाईंनी जुनी चाकं परत लावायला सांगितली. जुनी चाकं नव्हतीच. त्यांनाच चिरून ही केली होती. सुकलाल म्हणाला, "मावशी, सोपं आहे. मडगार्डची कड कापून टाकू." म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं.

"तुमनं माप मी देखेल शे. सरकारी कागद आना. साहेब माप लेई, आम्हले आत बसाडीसन."

म्हणून बाजीरावनं नोंदणी कचेरीकडे अर्ज केला : चाके रुंद केली आहेत, मडगार्ड कापण्यास परवानगी असावी, माप घेतेवेळी कुटुंबातील चार इसम आसनस्थ असावेत. चार महिन्यांनी उत्तर आलं. कलम एक : वाहन तपासणीसाठी कचेरीत समक्ष हजर करावे. कलम दोन : मंजुरी मिळेपर्यंत वाहन रस्त्यावर आणू नये. यातलं आधी काय करावं, अशी विचारणा बाजीरावनं लेखी केली. ती मूळ अर्जाला जोडण्यात आली आहे, असं कळतं.

याला आता दोन वर्षं होतील. गाडी दारात उभी आहे. चीर पडलेला टायर माझ्या पोटाशी तसाच आहे. आम्ही एकमेकांकडे पाहत नाही.

रविवारी बाजीरावला राहवत नाही. तो किल्ली घेऊन येतो, "एकच चक्कर" म्हणतो. धुरपदाबाई तांदळाचं सूप घेतात आणि मागच्या सीटवर येऊन बसतात, माझ्या बाजूला. तांदूळ निवडतात. आई मागे बसली असताना त्याच्यानं किल्ली फिरववत नाही. तो थोडा वेळ स्टिअरिंग धरून बसतो आणि घरात जातो. या म्हातारीच्या जिवावर मी दोन वर्षं निर्दोष राहिलो आहे.

माझी मागणी मोठी नाही. मला कापा. कापताना दुखेल, गंजेन, मग मडगार्ड म्हणवून घ्यायला तोंड राहणार नाही, चालेल. ही कड माझ्या अंगावर ठेवू नका.

धुरपदाबाई परवा धरणगावला गेल्या. भाचीचं बाळंतपण आहे, महिनाभर येणार नाहीत. जाताना त्यांनी गाडीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि गाडी काढणार नाही, अशी त्यानं मान हलवली. काल त्यानं गाडी धुतली. शेडमधल्या पाच जणांना रविवारी हजिऱ्याला समुद्रावर नेतो, असं त्यानं कबूल केलं आहे. धुताना त्यानं माझ्याखाली बोटं घालून पाहिली. गाडी रिकामी होती. दोन भरली.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.