माझे पाय कुणी पाहिलेच नाहीत

मी एक आकृती बोलतेय. नव्या शर्टाच्या घडीत उभट पुठ्ठा असतो ना, त्यावर मला काढलंय. कोपऱ्यात तेलाचं बोट उमटलंय, ते मला काढणारीचं.

ती एका बाळाची आई. बाळ रांगायला लागलं आणि तिच्या जिवाला घोर लागला. दाराबाहेर पाऊल टाकलं की लगेच जिना. घरमालक भिंतीत खिळा ठोकू देईना. मग तिनं युक्ती काढली. जिन्याच्या तोंडाशी प्लायची फळी आडवी लावायची आणि जुन्या दप्तरांच्या पट्ट्यांनी दोन्हीकडच्या कठड्यांना बांधायची. वर दोन पट्टे, खाली दोन. खिळा नाही, कटकट नाही.

फोनवरच्या एका गटात खटपटी माणसं आपापल्या कल्पना सांगतात. तिथं तिनं ही युक्ती लिहिली. तिचं लिहिणं म्हणजे सगळं एका दमात, मध्ये थांबणं नाही. लगेच कुणीतरी म्हणालं, "ताई, हे वाचून होईपर्यंत माझं पोर रांगायचं सोडून कॉलेजात गेलं!" दुसरा म्हणाला, "चित्र काढा हो, चित्र!"

सातवीत विज्ञानाच्या पेपरात 'आकृती काढून भागांना नावे द्या' असा प्रश्न यायचा. त्यात तिचे गुण कधी गेले नाहीत. बाळाला मांडीत दाबून धरत तिनं मला काढलं. पट्ट्यांना बाण, बाणांना नावं. खालच्या पट्ट्यांजवळ ठळक लिहिलं, 'हे नक्की बांधा'.

"शाळा कधीच सुटली की गं तुझी!" सासूबाई म्हणाल्या. पण वाकून बघत राहिल्या.

माझा फोटो गटात गेला. शाबासकीचे अंगठे आले. मी फुगले, पण जीव खालीवर होत होता. त्या गटात उभं चित्र टाकलं की वरचाच भाग दिसतो. बोट लावून उघडलं तरच पूर्ण दिसतं. आणि बोट लावतं कोण? माझं डोकं सगळ्यांनी पाहिलं. पाय, म्हणजे ते खालचे पट्टे, कुणीच नाही. आईच्या हातात तर मी अख्खी होते, तिला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी गटातल्या रंगारीदादानं फोटो टाकला. "वहिनी, केली बघा तुमची फळी! पोर आता मोकळी खेळतेय."

आई कौतुकानं बघायला गेली आणि तिनं फोटो मोठा करून पाहिला. वर दोन पट्टे होते. खाली काहीच नव्हतं. अशी टांगलेली फळी म्हणजे झुलतं दार. बाळानं डोक्यानं ढकललं की थेट पायऱ्या.

"दादा खालचे पट्टे बांधा," तिनं लिहिलं. पुन्हा लिहिलं. इतरांच्या 'वा वा'खाली तिचं म्हणणं दबून गेलं. त्या गटात कुणाचा नंबर दिसत नाही, त्याचा पत्ताही माहीत नाही. कडेवरचं बाळ रडायला लागलं.

"आई, धरा हो याला!" तिनं बाळ सासूबाईंकडे दिलं. मला उलटं केलं आणि माझ्या पाठीवर दुसरं चित्र काढलं. या वेळी आडवं. फळी, तिच्याखालून बाहेर आलेलं बाळाचं डोकं आणि पुढं पायऱ्या. ना बाण, ना नाव. पाठवून दिलं.

बाळाला थोपटता थोपटता सासूबाईही फोनवर वाकल्या.

मग रंगारीदादाचं उत्तर आलं. "वहिनी, चित्र दिसलं आणि धावलो. पोरीचे पाय हातात आले. निम्मी पोर पलीकडे गेली होती."

आईनं सासूबाईंकडून बाळ परत घेतलं.

आता मी आईच्या घरात दारामागे टाचणीवर लटकते. तिच्या नव्या आकृत्या सगळ्या आडव्या. मी उभीच राहिले. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या फोनवर माझ्यासारखी कुणी आली, तर अंगठा द्यायच्या आधी एकदा बोट लावा. आम्हाला पायांपर्यंत बघा. तिथंच कुणाचं तरी बाळ रांगत असतं.