दादाला लागणारी जागा

दादाने सिगारेट सोडायला सुरुवात केली त्या दिवशी आमच्या शाळेतला कोपऱ्यावरचा वर्ग एका बाकाएवढा लांब झाला आणि आमचं स्वयंपाकघर तेवढंच आखूड झालं.

मी दहावीत आहे, दादा त्याच शाळेत अकरावीत. वर्गाची भिंत मागे सरकताना मी व्हरांड्यातून पाहिली. आवाज झाला नाही. घरी गेले तेव्हा आई ओट्याशी तिरकी उभी राहून पोळ्या लाटत होती, कारण सरळ उभं राहिलं की तिची पाठ फ्रिजला लागत होती.

"आज दिवसभर एकही नाही ओढली त्याने," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

"फ्रिज पुढे आलाय."

"येणारच. त्याला जागा नको का?"

घोरपडे सर आम्हाला पीटी शिकवतात. शाळेच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी लागली तेव्हा आम्हा सगळ्यांना मैदानावर उभं करून शपथ दिली होती. शपथ घेऊन मोठी मुलं सायकल स्टँडमागे गेली आणि ओढत राहिली. सर काही दिवस त्यांच्यावर ओरडले. मग त्यांनी ओरडणं सोडलं, कोपऱ्यावरचा वर्ग मागून घेतला आणि सांगितलं की ज्याला सुटायचंय त्याने यावं, शिक्षा होणार नाही. चार-पाच जण गेले. दादा सगळ्यात आधी गेला आणि त्याच संध्याकाळी त्याने घरी स्वतःहून सांगितलं.

सरांची पद्धत साधी होती. तलफ आली की पाणी प्यायचं, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायची आणि वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. परत येईपर्यंत तलफ गेलेली असते. बाकीच्यांची जायची. दादाची तलफ वर्गापेक्षा लांब होती. तो भिंतीशी पोचला तरी ती संपलेली नसायची, म्हणून भिंत मागे सरकायची.

"ही लांबी येते कुठून?" बाबांनी सरांना विचारलं. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यांना असल्या गोष्टी नीट कळाव्या लागतात.

"ज्याची तलफ त्याच्या घरातून," सर म्हणाले. "दुसऱ्याच्या घरातून कशी घेणार?"

बाबांना ते पटलं.

स्वयंपाकघरानंतर बाहेरची खोली आखूड झाली. सोफा मावेना, तो जिन्यात ठेवला. बाबा पेपरची छोटी घडी करून वाचायला लागले. कुणी कुरकुर केली नाही. दादा घरी आला की आई त्याचं तोंड जवळ घेऊन वास घ्यायची आणि मग त्याच्या कपाळाचा मुका घ्यायची. त्याच्यासाठी बडीशेप भाजून डबीत भरून ठेवलेली असायची. साताऱ्याची मावशी फोन करून विचारायची, "कसा आहे आमचा वाघ?" मीही घरातच असायचे. मी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नव्हती. त्यासाठी कुणी माझा वास घेतला नाही.

दर शनिवारी पालकांना वर्गात बोलवायचे. आई ठेवणीतली साडी नेसून जायची. दादा चालायला निघाला की आणि परत आला की सगळे टाळ्या वाजवायचे. "आज तर दिसेनासाच झाला गं," आई घरी येऊन सांगायची, "एवढा लांब गेला. आणि मग हळूहळू परत दिसायला लागला." सांगताना तिचे डोळे भरायचे.

अशाच एका शनिवारी मला चित्रकलेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. विषय होता 'धूम्रपान टाळा'. मी दोन गुलाबी फुफ्फुसं काढली होती. सरांनी ते चित्र कौतुकाने त्याच वर्गाच्या भिंतीवर चिकटवलं. भिंत लांबली तशी फुफ्फुसंही लांबली. शेवटी ती दोन दोडक्यांसारखी दिसायला लागली आणि खाली लिहिलेलं माझं नाव इतकं ताणलं गेलं की ते वाचायला चालत जावं लागायचं. कुणी गेलं नाही.

मग माझ्या खोलीची पाळी आली. आधी टेबल गेलं. मग कपाट सरकत सरकत पलंगाला टेकलं. मग पलंगच आखूड झाला आणि मी गुडघे पोटाशी घेऊन झोपायला लागले.

"दादाची खोली का कमी होत नाही?" मी आईला विचारलं.

"त्याची झोप महत्त्वाची आहे. सर म्हणाले ना."

"आणि माझी?"

"तू शहाणी आहेस," आई म्हणाली. ती अगदी प्रेमाने म्हणाली. "तुला कुठेही झोप लागते."

एका बुधवारी संध्याकाळी मी पलंगावर अभ्यास करत होते आणि माझे पाय सरळ झाले. मी केले नव्हते. पलंग लांब होत गेला आणि पाय त्याच्याबरोबर गेले. पाठोपाठ टेबल भिंतीतून बाहेर आलं. माझी कंपासपेटी त्याच्यावर होती तशीच होती. मी खुर्चीत बसले, उठले, परत बसले. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

बाहेर आई रडत होती. दादाने सायकल स्टँडमागे त्याच्या वर्गातल्या यासीनबरोबर एक सिगारेट ओढली होती.

"चुकलं माझं," दादा म्हणत होता. तो चप्पल न काढता दारात उभा होता. थोड्या वेळाने घोरपडे सर स्कूटरवरून आले. "घसरतात मुलं. ते यात धरलेलंच असतं," ते म्हणाले. "उद्यापासून परत सुरू. त्याला कुणी रागावू नका." कुणीच रागावलं नाही. आईने त्याला जवळ घेतलं, बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी आत टेबलाची कड घट्ट धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा टेबल नव्हतं.

मी सरांकडे गेले.

"सर, मलाही त्या वर्गात यायचंय."

सर रुमालाने शिट्टी पुसत होते. "तू ओढतेस?"

"नाही."

"तंबाखू? मिसरी?"

"नाही."

"मग तुला सोडायचंय काय?"

मी विचार केला. माझं जे होतं ते सकाळी डोळे उघडल्याबरोबर यायचं आणि जेवण झालं की परत यायचं. दादा हसला की यायचं. पाणी पिऊन मी पाहिलं होतं.

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

"सांगता आलं की ये," सर म्हणाले. ते चांगले आहेत. "दार उघडंच असतं."

त्यानंतर दादा एकदाही घसरला नाही. खोली माझ्या अंगावर येत राहिली. मी वही आधी मांडीवर आणि मग छातीवर ठेवून लिहायला लागले. एका सकाळी कपाट आणि भिंत एकमेकांवर इतकी दाबली गेली की मधल्या फटीतून एक सिगारेट बाहेर आली, ट्यूबमधून टूथपेस्ट यावी तशी, सावकाश, आणि माझ्या उशीवर पडली. दादाने कधीतरी लपवलेली असणार. आईने त्याच्या खोलीतले सगळे खिसे, सगळे कप्पे उलटे केले होते. माझ्या खोलीत कुणी काही शोधणार नाही हे त्याला माहीत होतं.

मी ती दप्तरात ठेवली. जाताना ओट्यावरची काडेपेटी घेतली. आई तिथेच होती, पण तिला मान वळवायला जागा नव्हती.

शनिवार होता, शाळा लवकर सुटली. पालक अजून यायचे होते. सर वर्गाबाहेर माठ भरत होते.

"सांगता आलं?"

"हो," मी म्हणाले, आणि आत गेले.

आधी बाक होते, मग नुसती फरशी. मग शाळेची फरशी संपून आमच्या स्वयंपाकघरातली सुरू झाली, तेलाच्या डागासकट. त्यानंतर बाहेरच्या खोलीतली, सोफ्याच्या पायांनी खड्डे पडलेली. बऱ्याच वेळाने भिंतींना आकाशी रंग दिसायला लागला. तो माझ्या खोलीचा होता. तिथे माझं टेबल होतं, टेबलावर पाण्याचा तांब्या होता आणि माझ्या खुर्चीत दादा बसला होता. त्याचे गाल भरले होते. तो लांब लांब श्वास घेत होता आणि मधे खोकत नव्हता. तो खूप छान दिसत होता. मला ते बघवेना.

"तू कशी काय? आईने पाठवलं?"

"नाही." मी सिगारेट टेबलावर ठेवली.

दादाने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसला. "कुठे मिळाली?"

"माझ्या खोलीत. जेवढी उरलीय तेवढ्यात."

"घेऊन जा, हेमू."

"एकच ओढ. त्या बुधवारसारखी. मग परत सोड. सर काही रागावत नाहीत."

"पण कशाला?"

"मला पाय लांब करायचेत."

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. "मग कर की," तो म्हणाला. तो चिडवत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. "इथे कितीतरी जागा आहे."

तेवढ्यात पुढची भिंत थरथरली, म्हणजे त्याला तलफ आली होती. तो उठला, तांब्याने पाणी प्यायला आणि बडीशेपेची डबी माझ्यापुढे धरली. "घे," म्हणाला. मी घेतली नाही. त्याने डबी खिशात टाकली, सिगारेट उचलून माझ्या हातात दिली, माझी बोटं तिच्यावर मिटवली आणि चालायला लागला. भिंत त्याच्यापुढे सरकत राहिली.

घरात या वेळी काय जातंय ते मला माहीत होतं. आता पलंगच उरला होता.

"दादा!" मी हाक मारली. त्याने मागे पाहिलं नाही. तलफ आलेली असताना थांबायचं नसतं. तो लहान मुलाएवढा झाला, मग बाटलीएवढा, मग खडूएवढा. माझ्या पाठीमागून, खूप लांबून, टाळ्या ऐकू यायला लागल्या. पालक आले होते. त्यांतल्या आईच्या टाळ्या मला वेगळ्या ओळखू आल्या.

मी सिगारेट ओठांत धरली आणि काडी ओढली.

तो आवाज दोन्हीकडे गेला. टाळ्या थांबल्या. दूरवर खडूएवढा दादाही थांबला आणि वळला. मग तो धावत यायला लागला. त्याने एक हात पुढे केला होता आणि तो ओरडत होता, पण शब्द इथपर्यंत पोचत नव्हते. मी काडी सरळ धरून उभी राहिले. ज्योत माझ्या नखापर्यंत आली होती आणि तो अजून निम्म्यावरही आला नव्हता.